पाच मुठी गहू

“मोरीत मुंग्या झाल्यात हो,” पुष्पाबाई स्टोव्हला पंप मारता मारता म्हणाली, “आठवडा झाला. गूळबीळ सांडला का कुणी?” एवढंच. बायको नवऱ्याला सकाळी सकाळी ज्या दहा गोष्टी ऐकवते त्यातलीच ही एक. रॉकेल संपत आलंय आणि दूधवाला पाणी घालतो या दोहोंच्या मधली. पण उखर्डू महाजनचा दाढीचा ब्रश गालावर होता तो तिथेच थबकला. अर्ध्या गालाला फेस, अर्धा गाल कोरडा, असा तो उठला आणि मोरीत जाऊन उकिडवा बसला. लघवीला जायचं तर संडास अंगणाच्या पलीकडे; दर दोन तासांनी तिथवर कोण जाणार, म्हणून गेले काही महिने तो मोरीतच उरकत होता. आणि जिथे उरकत होता नेमक्या त्याच कोपऱ्यात लाल मुंग्यांची रांग लागली होती. लगबग तरी किती! पंगतीला उशीर झाल्यासारख्या एकमेकींना ढुश्या देत चालल्या होत्या. त्याने शेजारची बादली उचलली आणि भडाभडा ओतली. “अहो, पिण्याचं होतं ते!” पुष्पाबाई ओरडली. “नळ उद्या येणारे, भान आहे का काही?” त्याने रिकामी बादली तशीच ठेवली. परत आरशासमोर येऊन बसला. आरशातला माणूस एक्कावन्न वर्षांचा होता, पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क होता, आणि सहा महिन्यांत आठ किलोंनी उतरला होता. ऑफिसात त्याचं केवढं कौतुक! महाजनसाहेब, तब्येत काय राखलीत हो, पोट गेलं की! पुष्पाबाईने दोन पँटी कमरेत आत घेऊन दिल्या होत्या, त्याही हौसेने. आणि त्याने, गाढवाने, ते कौतुक खरं मानून हसत हसत ऐकून घेतलं होतं.

त्याला कळलं होतं. कुणी सांगायला नको होतं, डॉक्टर नको, लॅब नको. गावी गोठ्याच्या मागच्या भिंतीशी अशाच मुंग्या लागल्या होत्या आणि त्याचे वडील, आबा, रोज नवी जागा शोधायचे. आधी भिंतीशी, मग कडुनिंबाच्या झाडाखाली, मग पार नाल्याच्या कडेला. मुंग्या मागोमाग. शेवटी मोठ्या मायने, म्हणजे आबांच्या वडीलभावाच्या बायकोने, भागाबाईने, ते पाहिलं आणि आबांना दटावून भडगावला डॉक्टरकडे पाठवलं होतं. त्या डॉक्टरने आबांची लघवी काचेच्या नळीत निळ्या औषधात घातली, स्पिरिटच्या दिव्यावर धरली, आणि निळं हिरवं झालं, हिरवं पिवळं झालं, पिवळं विटेसारखं लालभडक झालं. उखर्डू आणि त्याचा धाकटा भाऊ निंबा दोघेही तोंडं वासून बघत राहिले होते, जत्रेतला खेळ बघावा तसे. डॉक्टर आबांशी कमी आणि त्या दोघांशीच जास्त बोलला. बापाची साखर पोरांत उतरते, म्हणाला. तुम्ही दोघं आत्तापासून जपा. रोज तासभर पायी चाला, चहातली साखर सोडा, गव्हापेक्षा ज्वारी खा, वजन वाढू देऊ नका, दरवर्षी एकदा तपासून घ्या, एवढं केलंत तर कदाचित होणारही नाही, झालं तरी उशिरा होईल, आणि म्हातारपण बरं जाईल. बरं, म्हणाले दोघे. बाहेर आले आणि स्टँडसमोरच्या हॉटेलात आबांना बाकावर बसवून दोघांनी स्पेशल चहा मागवला. निंबा म्हणाला होता, “भाऊ, घे दोन चमचे जादा, आज शेवटचा!” आणि दोघेही पोट धरधरून हसले होते. आबाही हसले होते. त्या चहाची चव अजून जिभेवर होती, हेच तर वाईट.

तेव्हा तो अडतीसचा होता आणि आपल्याला काही होईल हे त्याच्या डोक्यातच शिरत नव्हतं. त्याला कारण त्याचं नाव. आधीचे दोन भाऊ पाळण्यातच गेले म्हणून तो जन्मल्याबरोबर भागाबाईने त्याला सुपात घालून उकिरड्यावर नेऊन ठेवलं, आणि मग परकी बाई होऊन, सूपभर बाजरी देऊन, त्याच्या आईकडून विकत घेतलं. टाकून दिलेल्या पोरावर मरणाचा डोळा जात नाही म्हणे. शाळेत मास्तरांनी हजेरी घेतली की पोरं फिदीफिदी हसायची. पुढे ऑफिसात त्याने सहीच यू. व्ही. महाजन अशी करायला सुरुवात केली. पण आतून, कुणाला न सांगता, त्याचा त्या उकिरड्यावर भरवसा होता. कालव्यावर असताना दोनदा सापावर पाय पडला, काही झालं नाही. पुरात होडी उलटली, चार जण होते, हा तेवढा झाडाला धरून राहिला. साध्या माणसाला डॉक्टर सांगतो ती पथ्यं, आपल्याला काय त्याचं! शिकलेला माणूस, लोकांच्या अर्जांवर शेरे मारणारा, आणि मनात असलं काही बाळगून होता. हे तो कुणापुढे कबूल करणार होता?

आणि तेव्हा तो चालत तरी होता. कालवा निरीक्षक होता ना! पाटाच्या कडेने सकाळी निघायचं ते दुपारी दोनला झाडाखाली बसायचं, फडक्यातली ज्वारीची भाकरी, ठेचा, एक कांदा. पोटऱ्या अशा होत्या की निंबा त्यांना चिमटे काढायचा. मग बढती झाली. जळगावला खुर्ची मिळाली, खुर्चीवर गादी मिळाली, डोक्यावर पंखा. पुष्पाबाईने पेढे वाटले. त्याने लूना घेतली, कारण हेडक्लार्कने पायी यायचं म्हणजे कसंतरीच. आणि घरात भाकरी थापणं बंद झालं. ते कुणी ठरवलं नव्हतं, पण शेजारी कमलबाई नावाची तलाठ्याची बायको होती, तिने एकदा वाटी मागायला येऊन पाहिलं आणि म्हणाली, “अगंबाई, तुमच्याकडे अजून भाकरी?” झालं. त्या दिवसापासून दोन वेळा गव्हाच्या पोळ्या, मऊसूत, तूप लावून. काठवट पलंगाखाली गेली. संध्याकाळी ऑफिसातून आलं की चहा, चहाबरोबर शेव, जेवण झालं की आरामखुर्ची आणि टीव्ही. सुखाचे दिवस म्हणतात ते हेच, असं त्याला खरोखर वाटत आलं होतं. बारा वर्षं तो सुखाने बसला होता. आता त्याला वाटलं, कुणीतरी आपल्याला लाडालाडाने एकेक पायरी खाली उतरवत आणलं आणि आपण विचारलंही नाही कुठे नेताय म्हणून.

बुधवारी ऑफिसला दांडी मारून तो स्टँडजवळच्या एका लॅबमध्ये गेला. घराजवळच्या नाही, तिथला पोऱ्या ओळखीचा होता. संध्याकाळी कागद मिळाला. आकडा तीनशेच्या वर. तिथल्या डॉक्टरने चष्म्यावरून पाहिलं, घरात कुणाला होती का विचारलं, आणि उखर्डू पटकन म्हणाला, “नाही.” का म्हणाला ते त्याचं त्यालाही कळेना. तोंड कोरडं पडलं होतं, जीभ टाळूला चिकटत होती, दिवसभर पाणी पिऊनही तहान हटत नव्हती. डॉक्टरने गोळ्या लिहून दिल्या, गोड बंद, चालणं सुरू, पायांना जपा, पायाला काही लागलं तर या लोकांना समजत नाही. या लोकांना! तो चिठ्ठी घडी करून पाकिटात, पाकिटाच्या आतल्या कप्प्यात, आणि गोळ्या ऑफिसच्या बॅगेत, फायलींच्या खाली ठेवून घरी गेला. पुष्पाबाईने चहा दिला तो त्याने प्यायला. दोन चमचे साखरेचा. पिताना त्याला स्वतःचा असा राग आला की कप खिडकीबाहेर फेकून द्यावासा वाटला, पण तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायला, बशीतला सांडलेलासुद्धा. सांगितलं तर काय होईल? रडेल, आणि मग लगेच विचारेल, आबांना होती ना, त्यांचं कसं झालं होतं? आणि ते त्याला बोलायचं नव्हतं. आजाराची भीती एक वेळ परवडली, ते नको.

कारण शनिवारी गावी जायचं होतं. कानबाईचे रोट होते. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी बसते, सगळं भाऊबंद एका छपराखाली येतं, आणि आदल्या दिवशी रोटांचे गहू मोजतात. महाजनांच्या घरची रीत अशी की घरातल्या दर पुरुषामागे पाच मुठी गहू. मोजणार घरातली सगळ्यात थोर बाई. ती एकेकाचं नाव घेते, नाव घेतलेल्याने “शे” म्हणायचं, म्हणजे आहे, हजर आहे, जिवंत आहे. की पाच मुठी परातीत पडतात. परगावी असेल त्याच्या वतीने बायकोने नाहीतर आईने म्हणायचं. आणि त्याच्या नावाच्या पिठाचे रोट, पुरणाचे, खिरीबरोबर, दुधात गूळ कालवून, त्यानेच खायचे, घराबाहेर तुकडा द्यायचा नाही, दुसऱ्याच्या ताटात सरकवायचा नाही. दोन दिवस लागोत, तीन लागोत. ज्याच्या नावाच्या मुठी पडत नाहीत तो माणूस गेलेला. हे कुणी असं शब्दांत सांगत नाही, पण पोरासोरांनाही ते ठाऊक असतं.

तेरा वर्षांमागे गहू मोजताना गावच्या ओसरीवर आबा बाजेवर होते. डावा पाय गुडघ्याखाली कापलेला. तुरीचा खुंट पायात घुसून चार दिवस तसाच होता आणि त्यांना पत्ता नव्हता. वास यायला लागला तेव्हा बघितलं. भागाबाईने आबांचं नाव घेतलं, “वना?” आणि आबा म्हणाले, “वयनी, मन्या मुठी नको टाकू. डाक्टरनी नही सांगेल शे. माले नही सोसावत ते.” साधं, शहाण्या माणसाचं बोलणं. आबा त्या पावसाळ्यात खरंच पथ्याने राहत होते, जखम भरत आली होती, काठी घेऊन दारापर्यंत जायला लागले होते. आणि उखर्डू उठला होता. थोरला मुलगा ना तो! त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. “आबा, असं अभद्र बोलू नका!” तो ओरडला, आणि भागाबाईला म्हणाला, “टाक मोठी माय, पाचच्या जागी सहा टाक!” आबांनी त्याच्याकडे पाहिलं. काय होतं त्या बघण्यात? तेरा वर्षं तो ते आठवतोय. राग नव्हता. लहान पोराने हट्ट केला की बाप जसा हरतो तसं काहीतरी होतं. मग आबा हळूच म्हणाले, “शे.” आणि उखर्डूने तीन दिवस स्वतःच्या हाताने त्यांना रोट भरवले, दुधात कुस्करून, वर गूळ किसून, तूप सोडून, घासाघासाला “अजून एक, आबा,” करत. केवढं बरं वाटलं होतं तेव्हा! आपण बापाला जिवंत ठेवतोय असं वाटत होतं. चौथ्या दिवशी आबांची शुद्ध हरपली. भाद्रपद उजाडायच्या आत सगळं आटोपलं. रोटांनीच गेले असं कुणी म्हणालं नाही. पण नाही असंही कुणी म्हणालं नाही.

एरंडोलवरून भडगावची बस धरली तेव्हा पुष्पाबाई खिडकीशी बसून नारळाची पिशवी सांभाळत होती आणि तो हिशोब करत होता: तीन दिवस. फक्त तीन दिवसांचा तर प्रश्न. “शे” म्हणायचं, खायचं, आणि बुधवारपासून चालायला लागायचं, पहाटे उठून, काव्यरत्नावली चौकापर्यंत, बिनसाखरेचा चहा, ज्वारी, सगळं. तीन दिवसांनी काय मरतोय का माणूस? लगेच आतून उत्तर यायचं, मरतो. मग तो बाहेर बघायचा. दोन्हीकडे कपाशी हिरवीगार होती आणि त्याला कधी नव्हे ती तिची किळस आली. पुष्पाबाईने विचारलं, “बरं नाही का? सारखे ओठ चाटताय.” “उन्हं आहेत,” तो म्हणाला. उन्हं कुठली, आभाळ भरून आलं होतं.

गावी ओसरीवर सगळे जमलेच होते. भागाबाई ब्याऐंशीची, कंबर ताठ, डोळ्यांत अजून सुईत दोरा ओवण्याइतकी धार. सकाळी शेताला एक चक्कर मारून आली होती, आणि आल्या आल्या आपली ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी खाऊन मोकळी झाली होती. तिने उखर्डूला आपादमस्तक पाहिलं. “वाळी गया रे तू,” म्हणाली, “शहरमा खायाले देतस का नही?” सगळे हसले. सगळ्यात मोठ्याने निंबा हसला. निंबा धुळ्याला हायस्कुलात कवायतीचा मास्तर; सत्तेचाळिसाव्या वर्षीही छाती पुढे, मान ताठ, गळ्यात शिट्टी नसली तरी आहे असं वाटणारा. आपल्या दोन मुलांच्या खांद्यांवर हात टाकून तो बसला होता. उखर्डूला त्याचा हेवा वाटला, अगदी पोटातून. एका ताटात जेवून वाढलो आणि हा बघा कसा! याने केलं शेवटी डॉक्टरने सांगितलेलं. रोज ग्राउंडवर धावायला मिळालं, याचं बरं झालं. मी एकटाच मूर्ख निघालो.

भागाबाईने परात पुढे ओढली, गव्हाच्या पोत्यात हात घातला आणि हात तसाच आत ठेवून, डोळे मिटून, पहिलं नाव घेतलं. आता तोच सगळ्यात थोरला होता.

“उखर्डू?”

त्याच्या घशात शब्द तयार होता. एका अक्षराचा शब्द, किती तो वेळ लागतो? त्याने तोंड उघडलं आणि त्याला एकदम बाजेवरचे आबा ऐकू आले, ते शेवटचं हरलेलं “शे”. ते त्यांनी भागाबाईला नव्हतंच दिलं. आपल्याला दिलं होतं. आपला मान राहावा म्हणून. समोर निंबाची पोरं एकमेकांना ढोसत आपल्या नावाची वाट बघत होती. एक नववीला, एक सातवीला.

“उखर्डू, बोल ना भो! कोठे ध्यान शे तुनं?”

“मोठी माय,” तो म्हणाला, आणि आवाज इतका बारीक निघाला की त्याला पुन्हा बोलावं लागलं. “मोठी माय, मना नावन्या मुठी नको टाकू. माले साखर शे.”

पुष्पाबाईच्या हातातला नारळ खाली ठेवल्याचा आवाज झाला. भागाबाईने डोळे उघडले. “येडा व्हयना का? सणनी येळले काय बोलस!” ती म्हणाली. “मी तुले सूपभर बाजरी दिसन इकत लियेल शे. उकिरडावरथून. तुले काय व्हत नही!”

“व्हयेल शे,” तो म्हणाला. “आबासनी बी हाईच सांगं व्हतं. इठेच. मी ऐकं नही. मी त्यासले खावाडं.” आणि मग त्याला रडू आलं, एक्कावन्न वर्षांच्या हेडक्लार्कला, सगळ्या भाऊबंदांसमोर, आणि ते आवरेना. पुष्पाबाई उठून जवळ आली. तिने काही विचारलं नाही, पाठीवर हातही ठेवला नाही, नुसती त्याला लागून बसली, आणि तिचे खांदे हलत होते. भागाबाईचा हात अजून पोत्यातच होता. तिला काय करावं सुचत नव्हतं, हे उखर्डूने जन्मात पहिल्यांदा पाहिलं. मग रीत मोडायची तर निदान पुढची तरी चालू ठेवावी, अशा घाईने तिने दुसरं नाव घेतलं.

“निंबा?”

निंबाने मुलांच्या खांद्यांवरचे हात काढून घेतले. खाली बघत राहिला. मग म्हणाला, “मन्या बी नको, मोठी माय.”

उखर्डूने डोळे पुसले. “कव्हयपासून?”

“चार वरीस व्हयनात.”

“आनी माले सांगं नही?”

“तू सांगं का माले?” निंबा म्हणाला, आणि हसला. हे हसणं उखर्डूला नवीन होतं. “कवायतना मास्तर शे मी, भाऊ. पोरं हसतीन. रोज मैदानवर पयस, मंग आते काय व्हई, म्हने मी. गोयाबी सोडी दिन्यात.” रोज मैदानावर पळतो या भरवशावर त्याने गोळ्यासुद्धा सोडून दिल्या होत्या.

उखर्डू उठला नाही. बसल्या जागेवरून गुडघ्यांवर सरकत, गव्हाच्या पोत्याला वळसा घालून, तो भावापर्यंत गेला. निंबाच्या पायांत पांढरे मोजे होते. घरात, ओसरीवर, सगळे अनवाणी आणि याच्या पायांत मोजे. “पाय दखाड,” उखर्डू म्हणाला. निंबाने पाय पोटाशी घेतला. “काय करस, भाऊ! मोठा शे तू. मना पायले हात लावस का? पाप लागी माले.” पण उखर्डूने घोटा घट्ट धरला. जन्मात कधी धरला नव्हता. धाकट्याने थोरल्याच्या पाया पडायचं, थोरल्याने नाही. मोजा निघता निघता मध्येच चिकटला, ओलसर होता, आणि तो ओढून काढताना निंबाच्या चेहऱ्यावरची रेषाही हलली नाही. पायाच्या अंगठ्याखाली, टाचेकडे जाताना, रुपयाएवढी काळी जागा होती. कडेला पांढरी, मधोमध बूट खालून टोचत आला असावा तशी खोल. धाकटा मुलगा वाकून बघायला लागला तशी निंबाच्या बायकोने, प्रमिलाबाईने, त्याला मागे ओढलं आणि पदर तोंडाला लावला.

उखर्डूने त्या काळ्या जागेच्या कडेवर हाताचा अंगठा ठेवला.

“दुखस का?”

निंबा त्याच्याकडे बघत होता, वाट बघत, कवायतीतल्या पोरासारखा.

“दाब ना मंग,” तो म्हणाला.

उखर्डूने केव्हाचा दाबला होता अंगठा, पार नख पांढरं पडेपर्यंत.